ब्लॉग वाचावासा वाटायला नक्की काय लागतं? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

ब्लॉग सुरू करायचा विचार करताय, किंवा सुरू करून चार-पाच पोस्ट टाकल्या आणि मग गाडी अडकली, अशांसाठी हे लिहितेय. मला लिहायला लागून बारा वर्षं झाली आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष मी चुकीच्या गोष्टींवर घालवलं. दर आठवड्याला थीम (ब्लॉगचं आयतं रंगरूप) बदलायची, वरच्या पट्टीचा रंग बदलायचा, आणि लेख मात्र 'वेळेचं नियोजन', 'सकारात्मक विचारांचं महत्त्व' असले, जे आधीच हजार ठिकाणी पडलेले होते. कुणी वाचत नव्हतं आणि मला वाटायचं डिझाइन कमी पडतंय.

मग एकदा आजोबांचा जुना रेडिओ दुरुस्त करायला घेतला. डायलचा काटा सरकवणारा दोरा तुटला होता, तो परत कसा ओवायचा हे कुठेच नीट सापडेना, म्हणून तीन रविवार खटपट करून स्वतःच शोधून काढलं आणि ते सगळं लिहून टाकलं. दोरा कुठल्या चाकाला किती वेढे, स्प्रिंग कुठे अडकवायची, दोनदा निसटला तेव्हा नेमकं काय चुकलं होतं, आणि मधेच आजोबा त्या रेडिओसमोर डोळे मिटून कसे बसायचे ते. थीम तीच होती, रंग तेच होते. पण त्या पोस्टवर लोक थांबले, शेवटपर्यंत वाचलं, पत्रं आली, आजही येतात. त्या दिवसापासून मी ब्लॉगकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि खालच्या पायऱ्या त्यातूनच आल्यात.

एक छोटी गोष्ट आधी सांगते कारण पुढे ती परत परत लागणार आहे. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी तो गमतीत तोडून त्याचा 'ब्लॉग' केला. यातला 'लॉग' आला जहाजावरून. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात सोडायचे, ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते मोजायचे आणि वहीत लिहायचे, ती वही म्हणजे लॉगबुक. म्हणजे ब्लॉगच्या मुळाशी नोंद आहे. कुणीतरी स्वतः दोरी पाण्यात सोडली, मोजली आणि लिहिलं. ज्या पोस्टमध्ये ही दोरी सोडलेली दिसते ती वाचावीशी वाटते.

काय काय लागेल

- एक खिशात मावणारी वही किंवा फोनमधलं नोट्सचं अॅप, पण एकच, चार ठिकाणी नको
- युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर नीट दिसणारी) मराठी टाइप करता येईल असा कीबोर्ड, फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे
- एक ब्लॉग सेवा. वर्डप्रेस (२००३ पासून आहे) किंवा ब्लॉगर (१९९९ पासून) यातलं काहीही चालेल, सुरुवातीला फुकटचं घ्या
- फोटोची साइझ कमी करणारं कुठलंही साधं टूल
- पोस्ट टाकायच्या आधी वाचून खरं बोलेल असा एक माणूस
- बॅकअपसाठी ब्लॉगच्या बाहेरची जागा, पेनड्राइव्ह असला तरी पुरे

थीम या यादीत नाही, कारण जी आयती मिळेल ती साधी पांढरी थीम पहिले सहा महिने पुरते.

१. वाचक ठरवा, आणि तो एकच माणूस असू द्या

'सगळ्यांसाठी' लिहिलेलं कुणालाच आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही. मी लिहिताना एका माणसाला डोळ्यासमोर धरते. कधी माझी मावसबहीण, जिला विषयातलं काही माहीत नाही पण उत्सुकता भरपूर आहे, कधी दोन वर्षांपूर्वीची मी स्वतः, जिला हीच गोष्ट कळत नव्हती. मग आपोआप ठरतं की काय समजावून सांगायचं आणि काय सोडून द्यायचं. वाक्यं सुद्धा बदलतात, कारण मावसबहिणीशी बोलताना आपण 'प्रस्तुत लेखात आपण पाहणार आहोत' असं म्हणत नाही.

हे ठरवायला दहा मिनिटं लागतात. वहीत लिहा: तो माणूस कोण, त्याला आत्ता काय माहीत आहे, वाचून झाल्यावर त्याला काय करता यावं किंवा काय वाटावं. तीन ओळी बास.

२. विषय शोधू नका, तुमची नोंद शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवीन लोक विचारतात 'कुठल्या विषयावर ब्लॉग लिहू?' आणि विषय तर सगळे वापरून झालेत. प्रवास, बागकाम, पुस्तकं, मुलं, नोकरी, सायकल, सगळं. जे वापरून झालेलं नाही ते म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलेलं, हाताने केलेलं, मोजलेलं, चुकलेलं.

फरक दाखवते. समजा पावसावर लिहायचंय. पहिलं असं:

'पाऊस सुरू झाला की मन प्रसन्न होते. सगळीकडे हिरवळ पसरते आणि निसर्ग जणू नवे रूप धारण करतो.'

दुसरं असं:

'खिडकीतल्या कुंडीतली माती पहिल्या दहा मिनिटांत पाणी पीतच नाही, वरच्या वर वाहून जातं. इतके दिवस कोरडी राहिल्याने ती जणू पाणी विसरलेली असते. अकराव्या मिनिटाला बुडबुडे यायला लागतात.'

पहिलं वाक्य लिहायला पाऊस पाहावा लागत नाही. दुसरं लिहायला खिडकीपाशी उभं राहावं लागतं. लोक क्रिएटिव्ह म्हणतात ते मला विचाराल तर हेच आहे, अलंकार नाही, कल्पनेच्या भराऱ्या पण नाही, नीट बघणं. कल्पना नंतर येते आणि ती बघण्यातूनच येते, 'माती पाणी विसरली' हे मला कुंडीसमोर उभी असतानाच सुचलं, टेबलाशी बसून सुचलं नसतं.

यासाठी मी करते तो सराव सांगते. रोज वहीत तीन नोंदी करायच्या, प्रत्येक नोंदीत एक गोष्ट अशी जी डोळ्याने, कानाने, नाकाने किंवा हाताने कळली. 'आज कंटाळा आला' ही नोंद नाही. 'लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत होते, फक्त लहान मुलगा लोकांकडे बघत होता' ही नोंद. महिन्याला नव्वद होतात. त्यातल्या ऐंशी कुचकामी असतात आणि असू द्यात, उरलेल्या दहातून दोन पोस्ट निघतात. आणि मग 'आज काय लिहू' हा प्रश्नच पडत नाही, कारण रिकाम्या स्क्रीनपासून सुरुवात करावी लागत नाही.

नोंदी जमल्या की रूप बदलून बघा. प्रत्येक पोस्ट लेखच असायला हवी असं कुठे लिहिलंय? पत्र लिहा, ज्याला कधी पाठवू शकणार नाही अशा माणसाला. एक फोटो आणि त्याखाली शंभर शब्द, बास. एकाच झाडाची दर महिन्याला एक नोंद, वर्षभर. एका चुकीचा पूर्ण हिशोब. एखाद्या वस्तूचं चरित्र, ती घरात कधी आली, कुणी वापरली, कुठे तडा गेला. मी एकदा घरातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर लिहिलं, त्यातल्या तीन किल्ल्यांची कुलुपं आता जगात नाहीत, आणि ती माझी आवडती पोस्ट आहे. स्वतःला मर्यादा घालून घेतली की डोकं जास्त चालतं, 'काहीही लिहा' म्हटलं की गोठतं.

यातला सापळा म्हणजे दुसऱ्याचा गाजलेला लेख वाचून तसाच लिहायला जाणं. पद्धत शिकायला जरूर वाचा, पण लिहायला बसायच्या दिवशी नको. आणि मशीनकडून आयता मजकूर तयार करून घेऊन टाकू नका, तो गुळगुळीत असतो आणि त्यात खिडकीपाशी कुणीच उभं नसतं, वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

३. शीर्षक आणि पहिली ओळ

शीर्षक शेवटी लिहा. आधी लिहिलं की पोस्ट त्याच्या मागे फरफटत जाते. पोस्ट झाल्यावर पाच-सहा शीर्षकं लिहायची आणि सगळ्यात नेमकं निवडायचं. 'रेडिओ दुरुस्ती' पेक्षा 'रेडिओच्या डायलचा तुटलेला दोरा परत कसा ओवला' चांगलं, कारण शोधणाऱ्याला लगेच कळतं आणि न शोधणाऱ्यालाही ओढ लागते. 'तुम्हाला धक्का बसेल' छाप शीर्षक लावू नका. एकदा लोक येतील, धक्का बसणार नाही, परत येणार नाहीत.

पहिली ओळ थेट प्रसंगात टाका. माझा ठरलेला उपाय आहे, कच्चा मसुदा झाला की पहिला परिच्छेद खोडून बघते. दहातल्या सात वेळा पोस्ट दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होत असते, पहिला नुसता घसा साफ करणं असतो. 'आजच्या धावपळीच्या युगात' ने सुरू होणारी ओळ दिसली तर ती न विचारता काढा.

४. तुमच्या बोलण्यासारखं लिहा

शाळेत निबंध लिहून लिहून आपल्या हाताला 'केले जाते', 'दिसून येते', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' याची सवय लागलेली असते. बोलताना आपण असं एक वाक्य बोलत नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बदला, जिथे स्वतःलाच खोटं वाटतं तिथे तर नक्कीच. फोनवर रेकॉर्ड करून मग टाइप केलं तरी चालेल, मला सुरुवातीला त्याचा फार उपयोग झाला, कारण बोलताना मी उगाच मोठे शब्द वापरत नव्हते.

बोलीतले शब्द घाबरून काढू नका. घरात जो शब्द वापरता तोच लिहा, फार अनोळखी असेल तर पुढच्या वाक्यात अर्थ कळेल अशी सोय करा. मात्र बोलीभाषा म्हणजे शुद्धलेखनाला सुट्टी नाही. 'केलं', 'झालं', 'म्हटलं' वरचे अनुस्वार गळाले की वाचणारा अडखळतो, आणि एकाच पोस्टमध्ये अर्धं 'केले' अर्धं 'केलं' असेल तर दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. एक काहीतरी धरा.

५. मांडणी: वाचणारा आधी चाळतो

१९९७ मध्ये वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी लोक वेबवर कसं वाचतात याची पाहणी केली होती, त्यात ७९ टक्के लोकांनी नवीन पान आधी नुसतं चाळलं, शब्दन्‌शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. तेव्हा तर फोन हातात नव्हते. हे वाचून मला सुरुवातीला वाईट वाटलं, पण मग लक्षात आलं की चाळणारा माणूस थांबायला जागा शोधत असतो, त्याला ती द्यायची.

म्हणून परिच्छेद लहान. फोनच्या स्क्रीनवर एक परिच्छेद अर्ध्या स्क्रीनच्या पुढे गेला तर तोडा. लांब पोस्टमध्ये उपशीर्षकं घाला आणि त्यात माहिती असू द्या, नुसतं 'प्रस्तावना' नको. एखाद-दुसरा शब्द ठळक करा, दर ओळीत नको.

दिसण्याबाबत काही आकडे धरून ठेवा. वेबवरच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) मागितलाय, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. पांढऱ्यावर फिक्कट राखाडी अक्षरं छान दिसतात पण या परीक्षेत नापास होतात, आणि उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, देवनागरीला तर थोडं जास्तच लागतं कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. आणि मजकूर दोन्ही कडांना समान करू नका, फोनच्या अरुंद स्क्रीनवर मराठीतले लांब शब्द मावत नाहीत आणि मधे मोठमोठी भगदाडं पडतात.

फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असे सरळ वाचता येणारे घ्या, तिरो देवनागरी मराठी हा तर खास मराठीसाठी आहे. हे तिन्ही फुकट आहेत. सेटिंगमध्ये ब्लॉगची भाषा मराठी निवडायला विसरू नका. काही फॉन्ट त्यावरूनच ठरवतात की ल आणि श मराठी वळणाचे दाखवायचे की हिंदी वळणाचे, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पण त्यावरूनच उच्चार निवडतं.

६. देवनागरीतले तीन सापळे

हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच महिने वाचले असते.

पहिला, जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर असेल तर तो तसाच चिकटवू नका. त्या फॉन्टमध्ये मुळात रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या फोनवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात आणि शोधल्यावर तुमचा लेख सापडतच नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आता दुसरं काही वापरायचं कारणच नाही. बदलून घेतल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं हमखास बिघडतात.

दुसरा, अर्धा र. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे वेगळे शब्द आहेत, एक गुरूंना आणि दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. कीबोर्डवर 'ऱ' हे खाली टिंब असलेलं अक्षर शोधा, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य, की 'ऱ्य' होतो. ह लावला की 'ऱ्ह'. हे न जमल्याने लोक 'सुऱ्या' ऐवजी 'सुर्या' लिहून मोकळे होतात आणि वाचणारा सुरीच्या जागी सूर्य समजतो.

तिसरा सापळा पोस्टच्या पत्त्याचा, म्हणजे तिच्या लिंकचा. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यातली देवनागरी अक्षरं टाकून देतं आणि प्रत्येक पोस्टचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा होतो, ज्यातून काही कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण पत्ता कॉपी करून कुठे पाठवला की तिची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्ह आत तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेसची पत्त्याची मर्यादा अशा २०० अक्षरांची आहे, म्हणजे काने-मात्रे धरून साधारण बावीस चिन्हं झाली की शीर्षक मधेच कापलं जातं. उपाय सोपा आहे, पोस्ट प्रसिद्ध करायच्या आधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्द स्वतः टाइप करा. आधीच. प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलला तर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक मरू शकतात.

७. फोटो

स्वतः काढलेला, किंचित तिरका फोटो सुद्धा इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत फोटोपेक्षा चांगला, कारण तो पुन्हा नोंदच आहे. माझ्या रेडिओच्या पोस्टमध्ये दोऱ्याचा वेढा दाखवणारा एक अंधुक फोटो आहे आणि लोक त्याच्याच बद्दल विचारतात.

दुसऱ्याचा वापरायचाच असेल तर परवानगी बघा. सर्च इंजिनमध्ये दिसला म्हणजे मोफत झाला असं नाही. बर्न करारात (लेखक-कलाकारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) १९०८ पासून असलेलं तत्त्व असं की कलाकृती तयार झाली की हक्क आपोआप तिच्या निर्मात्याचा, नोंदणी लागत नाही, त्यामुळे खाली नाव नाही म्हणून मालक नाही असं समजू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे निर्मात्याने स्वतःहून दिलेली वापराची परवानगी, २००२ पासून आहेत, त्यात चार अटी येतात: श्रेय द्या, व्यवसायासाठी नको, बदल करू नका, बदललंत तर याच परवान्याखाली द्या. कुठल्या फोटोला कुठली अट ते वाचा. ब्लॉगवर जाहिराती असतील तर 'व्यवसायासाठी नको' वाला फोटो टाळलेला बरा. श्रेय देताना फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव आणि मूळ लिंक, तिन्ही. नुसतं 'फोटो साभार इंटरनेट' हे श्रेय नाही.

टाकण्यापूर्वी आणखी तीन कामं. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, रुंदी १२०० ते १६०० पिक्सेलवर आणा, दोन-तीनशे केबीत छान बसतो. गूगलच्या मापाने पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि उशीर होतो तो बहुतेक वेळा फोटोंमुळेच. दुसरं, फोनच्या फोटोत तो कुठे काढला ती जागा लपलेली असू शकते, घरात काढलेला असेल तर ती माहिती पुसून टाका. तिसरं, फोटोचं वर्णन लिहायची जी चौकट असते ती रिकामी सोडू नका, ज्याला फोटो दिसत नाही त्याला त्या एका वाक्यातून तो दिसतो. 'फोटो १' लिहू नका, 'रेडिओच्या मागच्या चाकाला दोऱ्याचे दोन वेढे' लिहा.

८. एक रात्र जाऊ द्या

लिहिलं की लगेच प्रसिद्ध करायची घाई होते, मला अजूनही होते. पण एक रात्र जाऊ द्या. सकाळी पोस्ट फोनवर उघडून वाचा, ज्या स्क्रीनवर लिहिली त्यावर नको. मग क्रमाने बघा: पहिला परिच्छेद लागतो का, 'खूप', 'अत्यंत', 'खरंच' किती वेळा आलंय, प्रत्येक दाव्यामागे स्वतः पाहिलेलं किंवा तपासलेलं काही आहे का, कुणाचं खाजगी काही उघड होतंय का. शेवटचं महत्त्वाचं आहे. घरातल्या माणसाबद्दल लिहिलं असेल तर त्याला आधी वाचायला द्या. मी एकदा नाही दिलं, माणूस दुखावला, पोस्ट काढली, पण वाचणाऱ्यांनी वाचलेली होती.

सामान सांगताना म्हटलेला तो खरं बोलणारा माणूस इथे कामाला येतो. त्याला 'कसं वाटलं' विचारू नका, 'छान' असंच उत्तर येतं. विचारा, 'कुठे कंटाळा आला?' आणि जिथे बोट ठेवेल तिथे वाद न घालता खूण करून ठेवा.

९. प्रसिद्ध केल्यानंतर

झेपेल तेवढंच ठरवा. आठवड्याला एक जमत नसेल तर महिन्याला दोन, पण ते पाळा. सुरुवातीच्या उत्साहात पहिल्या महिन्यात पंधरा पोस्ट टाकून मग सहा महिने गायब, असे ब्लॉग मी फार पाहिलेत, त्यापेक्षा दहा मसुदे हाताशी ठेवून एकेक सोडा.

आकडे महिन्यातून एकदा बघा. रोज बघितलं की हात आकड्यांसाठी लिहायला लागतो. आणि बघाल तेव्हा किती आले यापेक्षा काय शोधून आले ते बघा, त्यात पुढच्या पोस्ट दडलेल्या असतात. माझ्याकडे 'रेडिओचा दोरा सारखा घसरतो' असं शोधून लोक यायला लागले तेव्हा मला कळलं की घसरण्याबद्दल मी एकच ओळ लिहिली होती, मग त्यावर वेगळी पोस्ट केली.

नवीन पोस्टमधून जुन्या संबंधित पोस्टची लिंक द्या, जुनीतून नवीची पण. चूक कळली तर गुपचूप बदलू नका, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा, लोकांचा विश्वास त्यानेच बसतो. फीड (नवीन पोस्ट वाचकाच्या अॅपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) चालू आहे का तपासा, फीड रीडर वापरणारे वाचक थोडे असतात पण फार निष्ठेने वाचतात.

१०. बॅकअप, आणि तो आजच

ही पायरी लोक शेवटी ठेवतात, मी पण ठेवली होती. ज्या सेवेवर माझा पहिला ब्लॉग होता ती बंद झाली, बंद होणार असल्याचा मेल जुन्या पत्त्यावर गेला जो मी उघडत नव्हते, आणि एकेचाळीस पोस्ट गेल्या. रेडिओची वाचली ती केवळ मसुदा वेगळ्या फाइलमध्ये होता म्हणून.

मोठ्या सेवाही बंद होतात. फुकट वेबसाइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ब्लॉग सेवा पोस्टरस २०१३ मध्ये, आणि त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर हे फीड वाचायचं साधन. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीत सेटिंग किंवा टूल्समध्ये एक्स्पोर्टचं किंवा बॅकअपचं बटण आहे, त्यातून सगळ्या पोस्टची एक फाइल मिळते. फोटो मात्र बहुतेक वेळा त्या फाइलमध्ये येत नाहीत, नुसत्या त्यांच्या लिंक येतात, म्हणून मूळ फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवा.

फाइलच्या नावात तारीख घाला, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे क्रमाने लागतात. दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. दर महिन्याच्या एक तारखेला फोनमध्ये आठवण लावा, मी तर आकडे बघायचा दिवस पण तोच ठेवलाय, दोन्ही मिळून वीस मिनिटांत होतं. आणि ब्लॉगला जोडलेला ईमेल पत्ता तुम्ही खरंच रोज उघडता तोच आहे ना, हे आत्ता जाऊन बघा.